गेममधल्या गावांची नावे: सूत्र निवडण्यापासून सामान्यरूपापर्यंत

प्रश्न असा आहे: पोकेमॉनच्या पहिल्या गेममधली गावे रंगांच्या नावांवर बेतलेली आहेत असे कळले. अशी सूत्रे कशी ठरवतात? मी एक छोटा रोल-प्लेइंग गेम करतो आहे, त्यात चौदा वस्त्या आहेत, नावे मराठी हवीत. सुरुवात कुठून करू?

लगेच नावे सुचवायला बसू नका. आधी शब्दांचे एक कुटुंब निवडा आणि मग त्या कुटुंबातला एकेक शब्द एकेका जागेला द्या. खेळाडूला हे सूत्र ओळखता आले नाही तरी काही बिघडत नाही. बहुतेकांना ते कधीच लक्षात येत नाही. सूत्राचे काम वेगळे आहे. चौदा नावे एकाच प्रदेशातली वाटली पाहिजेत, एकमेकांत मिसळता कामा नयेत, आणि प्रत्येक नावाने आपल्या जागेबद्दल थोडे तरी सांगितले पाहिजे. ही तिन्ही कामे एकदम कशी होतात ते पाहायला पोकेमॉनच्या पहिल्या गेममधला कांतो प्रदेश हेच सर्वांत चांगले उदाहरण आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

रेड आणि ग्रीन हे दोन गेम जपानमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये आले. ते ज्यावर चालत त्या गेमबॉय या हातातल्या यंत्राचा पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा आणि त्यावर फक्त चार छटा. म्हणजे रंग दाखवायची सोयच नाही, आणि गावांना नावे मात्र रंगांची. पहिले गाव मासारा, म्हणजे कोरे, पांढरे. मग तोकिवा (सदाहरित झाडांचा हिरवा), निबी (काळपट करडा), हानादा (निळा), कुचिबा (वाळल्या पानाचा पिवळट तांबूस), शिओन (अॅस्टरच्या फुलाचा जांभळा), तामामुशी (भुंग्याच्या पाठीची सप्तरंगी झळाळी), यामाबुकी (सोनपिवळा), सेकिचिकु (गुलाबी) आणि गुरेन (आगीचा लाल). हे रंग सहज आठवणारे लाल-पिवळे-निळे नाहीत. यांतली बहुतेक जपानी कापडरंगाईच्या परंपरेतली छटांची नावे आहेत. आपल्याकडे साडीच्या दुकानात आमसुली, अबोली, मोरपंखी, अंजिरी म्हणतात त्या जातीची. त्यामुळे कानाला ती गावाच्या नावासारखी वाटतात. 'लालगाव' आणि 'निळेगाव' अशी नावे ठेवली असती तर तिसऱ्या गावातच सूत्र उघडे पडले असते आणि पुढची नावे बालिश वाटली असती.

सूत्र लपवलेले मात्र नव्हते. गावात शिरल्यावर लागणाऱ्या पाटीवर त्या गावाचा रंग सरळ लिहिलेला असे. मासाराच्या पाटीचा आशय असा, की मासारा पांढरेशुभ्र आहे आणि पांढरा हा सुरुवातीचा रंग आहे. ज्याला वाचायचे तो वाचतो, बाकीचे पुढे जातात. सुपर गेमबॉय हे जोडयंत्र लावून टीव्हीवर खेळले तर प्रत्येक गावी पडद्याची रंगछटाही बदलत असे. म्हणजे नाव, पाटी आणि पडदा या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट.

आता या दहा नावांची पहिली अक्षरे पाहा: मा, तो, नि, हा, कु, शि, ता, या, से, गु. एकही पुन्हा आलेले नाही. लांबी जपानी लिपीतली (काना) दोन ते चार अक्षरे. खेळाडू नाव पूर्ण वाचत नाही, पहिले अक्षर आणि साधारण लांबी यांवरून ओळखतो. म्हणून ही गोष्ट वरवर किरकोळ वाटली तरी फार मोलाची आहे. इंग्रजी आवृत्ती १९९८ मध्ये आली. त्यात पॅलेट, विरिडियन, प्यूटर, सेरुलियन, व्हर्मिलियन, लॅव्हेंडर, सेलाडॉन, सॅफ्रन, फ्यूशिया आणि सिनाबार. रंगांचे सूत्र बहुतेक टिकले, पण सेरुलियन आणि सेलाडॉन एकाच उच्चाराने सुरू होतात, विरिडियन आणि व्हर्मिलियन एकाच अक्षराने. ही गावे आजही अनेकजण आपसांत गोंधळवतात. सूत्र शाबूत असूनही नावे चुकतात ती अशी.

याहून शिकण्यासारखा घोटाळा बिल्ल्यांचा आहे. कांतोमध्ये आठ जिम, म्हणजे लढतीचे आखाडे, आणि प्रत्येक जिंकल्यावर एक बिल्ला. जपानी गेममध्ये हे बिल्लेही रंगांचेच आहेत आणि ते गावाशी जुळतात: निबीचा ग्रे, हानादाचा ब्लू, कुचिबाचा ऑरेंज, तामामुशीचा रेनबो, सेकिचिकुचा पिंक, यामाबुकीचा गोल्ड, गुरेनचा क्रिमसन, तोकिवाचा ग्रीन. इंग्रजीत बिल्ल्यांना नवी नावे मिळाली: बोल्डर, कॅस्केड, थंडर वगैरे. रंगांचा धागा तिथे तुटला. पण तामामुशीचा रेनबो तसाच राहिला. मूळ गावाचे नाव सप्तरंगी झळाळीचे होते म्हणून तो बिल्ला सप्तरंगी होता. इंग्रजीत गाव झाले सेलाडॉन, म्हणजे फिकट हिरवे, आणि बिल्ला मात्र इंद्रधनुष्याचा. इंग्रजी गेममध्ये या जोडीचे कारण सापडत नाही. जर्मन भाषांतरकारांनी इथे जास्त बारकाई दाखवली. त्यांनी गावाला प्रिस्मानिया म्हटले, प्रिझमवरून, आणि मासाराला अलाबास्टिया, म्हणजे अलाबास्टर या शुभ्र दगडावरून. इंग्रजीतल्या पॅलेटमध्ये पांढरा गेला होता, जर्मनमध्ये तो आहे. शिवाय जर्मन नावांच्या शेवटी 'इया' वारंवार येत राहते. त्याने सगळा प्रदेश एका भाषेत बोलतो आहे असे वाटते. फ्रेंचांनी तिसरा मार्ग धरला: बूर्ग पॅलेट, लॅव्हानव्हिल, सेलाडोपोल, कार्मां सूर मेर. समुद्राकाठच्या खऱ्या फ्रेंच गावांच्या नावात 'सूर मेर' असते, ते बंदराच्या गावाला दिले आणि रंग पुढे ठेवला.

तुमच्या कामासाठी यातला धडा असा, की नावात दोन भाग असतात. एक सूत्राचा शब्द, दुसरा वस्तीचा प्रकार सांगणारा शेपटीचा शब्द. दोन्हींचा वेगवेगळा विचार करायचा असतो.

शेपटीवरच सगळा भर दिलेले उदाहरण म्हणजे २०१९ च्या पोकेमॉन सोर्ड आणि शील्डमधला गालार प्रदेश. तो ब्रिटनवर बेतलेला आहे आणि इंग्रजी नावे ब्रिटिश गावांच्या खऱ्या प्रत्ययांवर उभी आहेत: पोस्टविक, वेजहर्स्ट, मोटोस्टोक, टर्फफील्ड, हलबरी, बॅलनली, सर्चेस्टर, स्पाइकमथ, विंडन. 'हर्स्ट' म्हणजे झाडी असलेली टेकडी, 'बरी' म्हणजे तटबंदीची वस्ती, 'ली' म्हणजे रानातली मोकळी जागा, 'मथ' म्हणजे नदीचे मुख. 'चेस्टर' रोमन छावणीवरून येते, आणि सर्चेस्टरमध्ये जुने गरम पाण्याचे स्नानकुंड आहे. बॅलनली रानात आहे. खेळाडूला हे अर्थ ठाऊक नसले तरी नाव ऐकून प्रदेश कुठला ते कळते.

उनोव्हा प्रदेशात (ब्लॅक आणि व्हाइट, २०१०) सूत्र भाषेगणिक बदलले. जपानी नावांत कानोको, काराकुसा, शिप्पो असे पारंपरिक कापड-नक्षीचे शब्द आहेत. इंग्रजी नावे ढगांच्या शास्त्रीय नावांवरून घडवलेली दिसतात: अॅक्युम्युला, निंबासा, आयसिरस, कॅस्टेलिया. 'कॅस्टेलेनस' हा बुरुजांसारखा वर चढणारा ढग, आणि कॅस्टेलिया हे गगनचुंबी इमारतींचे शहर. आयसिरसमध्ये सिरस ढगही आहे आणि बर्फही. भाषांतर करताना सूत्र बदलले तरी चालते, नाव आणि जागा यांची गाठ सुटली की चालत नाही. २०२२ च्या पाल्देआ प्रदेशातही हेच दिसते. जपानीत तिथल्या गावांची नावे स्वयंपाकघरातल्या शब्दांची आहेत: टेबल, बोल, प्लाटो, काराफ, फ्रिज, बेक. इंग्रजीत त्यांना स्पॅनिश वळण मिळाले. टेबल सिटी झाली मेसागोसा, कारण स्पॅनिशमध्ये 'मेसा' म्हणजे टेबल आणि मागे सारागोसा शहराची छाया.

एक सावधगिरी. यातले सगळे अर्थ कंपनीने जाहीर केलेले नाहीत. कांतोचे रंग गेममध्येच लिहिलेले आहेत, ते पक्के. बाकी बरेचसे वाचकांनी शब्दावरून लावलेले आहे. उदाहरण म्हणून अभ्यास करताना ज्या नावात शब्द सरळ दिसतो तेवढेच धरा. ओढूनताणून लावलेल्या व्युत्पत्तीवर आपले सूत्र बांधू नका.

आता तुमच्या चौदा वस्त्या.

नावाआधी एक तक्ता करा. प्रत्येक वस्तीला एक ओळ. रकाने चार: जमीन कशी (उतार, खोरे, बेट, पठार), खेळाडू तिथे काय करतो, दुरून दिसणारी एकच खूण कोणती, आणि गोष्टीत ती कितव्या क्रमाला येते. खूण एकच लिहा. दोन लिहिल्या की नाव कोणत्या खुणेवरून घ्यायचे हा वाद पुढे रेंगाळतो.

मग सूत्राचे तीन उमेदवार घ्या आणि प्रत्येकाखाली शब्द लिहीत जा. गरजेच्या दुप्पट शब्द निघाले पाहिजेत, म्हणजे चौदा वस्त्यांना किमान अठ्ठावीस. दुप्पट का, तर पुढच्या चाचण्यांत निम्मे गळतात. शब्दकोश न उघडता वीस सुद्धा निघत नसतील तर ते कुटुंब लहान आहे, सोडून द्या. ही पायरी गाळली की नेहमी एकच गोष्ट होते: आठ-नऊ गावे सुरेख जमतात आणि उरलेली पाच ओढून आणावी लागतात. सात वार, नऊ रत्ने, बारा राशी ही सूत्रे मोहात पाडतात, पण त्यांची संख्या बांधलेली आहे. पुढे एक वस्ती वाढवावी लागली की सगळे कोलमडते.

झाडांची नावे मी सुचवणार नाही. सूत्र वाईट नाही, पण महाराष्ट्रात ते खऱ्या गावांनी आधीच वापरून टाकले आहे: पिंपळगाव, वडगाव, बोरगाव, आंबेगाव, चिंचवड. खेळाडूला काल्पनिक प्रदेशाऐवजी एसटीचा फलक दिसेल. दागिने (ठुशी, बुगडी, वाकी, तन्मणी) कानाला गोड आहेत, पण जमिनीच्या आकाराशी जुळत नाहीत. सगळ्या कसोट्यांना पुरे पडणारे एक कुटुंब म्हणजे जुन्या शेतीची अवजारे आणि जागा. शब्द भरपूर, आकार स्पष्ट, आणि त्यांना मुळातच एक क्रम आहे: नांगरट, पेरणी, राखण, मळणी, साठवण. खेळाडूचा प्रवास त्याच क्रमाने नेता येतो. असा क्रम रंगांना नसतो. म्हणून हेच घेऊन पुढे करून दाखवतो.

सुरुवातीचे गाव वाफे. वाफ्यात रोप वाढते, तिथून उपटून दुसरीकडे लावतात. पोकेमॉनच्या पहिल्या गावांतही हाच विचार दिसतो: कोरा मासारा, जोहतो प्रदेशाचे वाकाबा म्हणजे कोवळे पान, सिन्नो प्रदेशाचे फुताबा म्हणजे दोन पानांचे रोप. पुढे तीन वाटा फुटतात त्या ठिकाणचे गाव तिफणे, कारण तिफणीला तीन फण. नरसाळ्यासारख्या खोल दरीतले गाव चाडे. तिफणीवर बी सोडायचे जे लाकडी पात्र असते ते चाडे, वर रुंद आणि खाली निमुळते. नदीवरचे पाणचक्क्यांचे गाव रहाटे. उंच झाडांवर बांधलेली वस्ती माळे, राखणीच्या माळ्यावरून. डोंगरी ठाणे गोफणगड. गोल मैदानात कुस्त्या होतात ते शहर खळे. जमिनीखालची वस्ती पेव, कारण धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा म्हणजे पेव. व्यापाराचे मोठे शहर कणगी. आणि ओसाड, माणसे सोडून गेलेले गाव बुजगावणे. या शब्दात 'गाव' दडलेले आहे हा योगायोग मला फार आवडतो. उरलेल्या चार जागांना याच कुटुंबात कुळव, पाभर, पाणंद, धाव, बांध, बळद, इर्जिक, सुगी एवढे शब्द हाताशी आहेत.

नदी, डोंगर आणि रस्ते यांना हे सूत्र लावू नका. कांतोत रंग फक्त वस्त्यांना आणि त्यांना चिकटलेल्या एखाद्या जागेला आहेत. रस्ते नुसत्या क्रमांकांचे आहेत आणि डोंगराचे नाव चंद्रावरून आहे. नाव कानावर पडताच ही वस्ती आहे की नैसर्गिक जागा हे कळण्याची ती सोय आहे. नद्यांना वेगळे कुटुंब द्या, आणि ते लहान असले तरी चालेल.

आता मराठीतली खरी परीक्षा, जी इंग्रजी किंवा जपानी गेम करणाऱ्याला द्यावीच लागत नाही: सामान्यरूप. संवादात गावाचे नाव सुटे येत नाही. 'चाड्याला जा', 'रहाट्यात भेट', 'कणगीहून आलो' असे येते. संवादाच्या फाइलमध्ये नावाच्या जागी खूण ठेवून तिला 'ला' जोडला, की पडद्यावर 'चाडेला जा' उमटते आणि सगळा गेम भाषांतरित वाटू लागतो. पुण्याला कोणी 'पुणेला' म्हणत नाही. म्हणून नावाबरोबर त्याची रूपेही साठवायची. मी पाच रूपे पुरेशी मानतो:

वाफे, वाफ्याला, वाफ्यात, वाफ्याहून, वाफेकर.
चाडे, चाड्याला, चाड्यात, चाड्याहून, चाडेकर.
कणगी, कणगीला, कणगीत, कणगीहून, कणगीकर.
गोफणगड, गोफणगडाला, गोफणगडावर, गोफणगडाहून, गोफणगडकर.

चौथ्या ओळीत 'त'च्या जागी 'वर' आला आहे, तो मुद्दाम. गडावर जातात, बेटावर जातात, गावात जातात. 'रायगडावर' म्हणजे किल्ल्यावर आणि 'रायगडात' म्हणजे जिल्ह्यात, हा फरक प्रत्येक मराठी माणसाच्या कानात पक्का आहे. म्हणून रकान्याचे नाव 'त-रूप' न ठेवता 'ठिकाणी' ठेवा आणि प्रत्येक जागेला योग्य तो शब्द लिहा. 'पूर' लावलेली नावे घेतली तर तिथे ऊ ऱ्हस्व होतो: कोल्हापूर, पण कोल्हापुरात. हे कोडने घडवण्यात अर्थ नाही. चौदा नावांची पाच रूपे म्हणजे सत्तर शब्द, हाताने लिहायला फार वेळ लागत नाही आणि चूक राहत नाही.

रूपे लिहिण्याचा दुसरा फायदा असा की घातक नावे इथेच पकडली जातात. मोटेचे पाणी विहिरीच्या काठावर ज्यात ओतले जाते ते थारोळे. धबधब्याखालच्या गावाला याहून नेमका शब्द मिळणार नाही, आणि 'थारोळे' हे ऐकायलाही कोकणातल्या गावासारखे. पण 'थारोळ्यात' म्हणून पाहा. वर्तमानपत्रांनी हे रूप रक्ताला असे जोडून टाकले आहे की 'तो थारोळ्यात पडला आहे' या साध्या वाक्यावर खेळाडू खुनाचा तपास सुरू करेल. दावण हा शब्दही असाच. जनावरे ओळीने बांधायची जागा, एका रांगेतल्या घरांच्या गावाला अगदी योग्य, पण 'दावणीला' म्हटले की 'बांधणे' हे क्रियापद आपोआप मागे येते. पेव थोडक्यात वाचते. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार मूळ रूपाशी जोडलेला आहे, 'पेवात' आणि 'पेवाला' यांना तो चिकटत नाही. तरी फार आखूड वाटेल म्हणून मी 'पेवगाव' करीन. सुटा मूळ शब्द तपासून भागत नाही, प्रत्येक रूप मोठ्याने वाक्यात म्हणून पाहावे लागते.

'कर' हे पाचवे रूप शोभेचे नाही. पुणेकर, सातारकर, चिपळूणकर, गोव्यात पेडणेकर आणि काणकोणकर: आपल्याकडे गाव आणि आडनाव एकाच दोरीला बांधलेले असतात. गेममधल्या पात्रांना हीच आडनावे दिली तर खेळाडूला न सांगता कळते की तिफण्यातला हा लोहार मूळचा रहाटेकर आहे, म्हणजे नदीकडून आलेला. नावाचा शेवट हाच नियम करून त्यावर एक आख्खे काम रचल्याचे उत्तम उदाहरण झेल्डाच्या ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये (२०१७) आहे. तिथे टॅरी टाउन हे गाव वसवताना हडसन या पात्राला फक्त 'सन'ने संपणाऱ्या नावांची माणसे हवी असतात आणि खेळाडू ती जगभर हुडकतो. 'कर'मध्ये तशी ताकद आहे. तपासताना एवढे पाहा की खलपात्राला दिलेले आडनाव खरोखर प्रचलित नाही ना.

त्याच बैठकीत गावांची खरी नावेही तपासा. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून जास्त गावे आहेत, त्यामुळे कुठे ना कुठे जुळणारच. लहानशा वाडीशी जुळले तर सोडून द्या. तालुक्याच्या किंवा परिचित ठिकाणाशी जुळले तर बदला. खळ्याच्या मधोमध रोवलेल्या खांबाला मेढ म्हणतात, उंच स्तंभाच्या गावाला मेढे छान बसले असते, पण साताऱ्यात जावळी तालुक्याचे ठिकाण मेढा आहे आणि सामान्यरूपात दोन्ही 'मेढ्याला' होतात. ते यादीतून काढले.

पहिल्या अक्षरांची कसोटी मराठीत थोडी कडक करावी लागते. नुसते व्यंजन वेगळे असून पुरत नाही, देवनागरीत शिरोरेषेखाली काही अक्षरे एकमेकांसारखी दिसतात. लहान फाँटमध्ये ख आणि रव, घ आणि ध, भ आणि म यांचा गोंधळ होतो. वरच्या यादीत कणगी आणि कुळव एकाच व्यंजनाचे आहेत, म्हणून कुळव नकाशाच्या दुसऱ्या टोकाला तरी टाका किंवा वगळा. पाभर, पाणंद आणि पेवगाव या तिघांतले एकच ठेवा. एकाच मोहिमेत जवळजवळ येणाऱ्या गावांना हा नियम सक्त, लांबच्यांना सैल चालतो.

शेपटीच्या शब्दांनी वस्तीचा आकार सांगा. वाडी लहान, पेठ बाजाराची, बंदर समुद्राचे, गड डोंगराचा, पाडा रानातला. जुळी गावे हवी असतील तर खुर्द आणि बुद्रुक तयारच आहेत: तिफणे खुर्द धाकटे, तिफणे बुद्रुक थोरले. प्रदेशांचा वास असलेले प्रत्यय जपून वापरा. पारनेर, संगमनेर, अंमळनेर यांतला 'नेर' आणि कणकवली, डोंबिवली यांतला 'वली' हे ऐकणाऱ्याला ठरावीक भागात नेऊन ठेवतात. तुमच्या जगात समुद्राकाठचा आणि पठारावरचा असे दोन भाग असतील तर याचा उपयोग करा: किनाऱ्यावरच्या गावांना 'वली', आतल्यांना 'नेर'. सरमिसळ मात्र नको. आणि चौदाही नावांना शेपूट लावू नका. निम्मी नावे वाफे, चाडे, खळे अशी सुटी राहू द्या, खरा नकाशा तसाच असतो.

लांबीबद्दल. लोक युनिकोडची चिन्हे मोजतात आणि फसतात. 'क्षेत्रपूर' वाचताना चार अक्षरे आहेत, पण साठवताना दहा चिन्हे. चौकटीला 'सहा अक्षरे' अशी मर्यादा कोडमध्ये घातली तर हे नाव मधेच तुटते, आणि तुटते तेही हलन्तावर. दिसणारी रुंदी पिक्सेलमध्ये मोजा. संवाद एकेक अक्षर उमटवायचा परिणाम वापरत असाल तर आणखी काळजी हवी, नाहीतर 'क्ष' आधी क, मग पाय मोडका क, मग क्ष असा लुकलुकतो. अक्षरसमूहांनुसार उमटवा. युनिकोडच्या नियमांत जोडाक्षर एकसंध धरण्याची तरतूद १५.१ या आवृत्तीत, २०२३ मध्ये आली. त्याआधीच्या लायब्ररी 'क्ष'चे दोन तुकडे करतात, तेव्हा आपल्या इंजिनातली आवृत्ती पाहून घ्या. युनिटीच्या टेक्स्टमेश प्रोमध्ये देवनागरी आपोआप नीट जुळत नाही, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे पडते, म्हणजे 'तिफणे' पहिल्याच अक्षरात बिघडते. गोडोची चौथी आवृत्ती मजकूर व्यवस्थित घडवते. इंजिन बदलणे शक्य नसेल आणि चित्राक्षरांचा (बिटमॅप) फाँटच वापरायचा असेल तर जोडाक्षर आणि ऱ्हस्व इकार टाळून नावे निवडा. रहाटे, चाडे, खळे, माळे, कणगी ही सगळी त्या अडचणीतूनही सुटतात. सामान्यरूपातला 'ळ्या', 'ड्या' आणि 'ट्या' मात्र तरीही लागेल, तेवढी तीन जोडाक्षरे फाँटमध्ये हाताने काढून घाला.

शेवटची गोष्ट फाइलींची. गावाचे नाव कोडमध्ये ओळख म्हणून कधीही वापरू नका. प्रत्येक वस्तीला क्रमांक द्या आणि नाव फक्त मजकुराच्या तक्त्यात ठेवा. नावे शेवटच्या महिन्यातही बदलतात, आणि नावावर टांगलेले जुने सेव्ह तेव्हा उघडत नाहीत. त्या तक्त्यात पाच रूपांच्या पुढे एक रकाना 'का' असा ठेवा: चाडे, कारण दरी नरसाळ्यासारखी, तिफणीच्या पात्रावरून, इथे मिळणारी वस्तूही त्याच आकाराची. उद्या गेम कन्नड किंवा इंग्रजीत गेला तर भाषांतरकार तिफण शोधत बसणार नाही, त्याला हवी असेल तर दुसरी अवजारे घेईल, पण दरी, नाव आणि वस्तू यांची जोडी त्याला दिसेल. तामामुशीच्या बिल्ल्याशेजारी असा एक रकाना असता तर सेलाडॉनचा बिल्ला हिरवा तरी झाला असता किंवा गावाला सप्तरंगी नाव तरी मिळाले असते.